तिकीटखिडकीची वही

जानेवारीत दिवसाला चारशे बारा.
गड्ड्याची जत्रा उतू जाऊन इथवर येते,
पोरांची चिकट बोटं काचेवर.
मी लगेच पुसत नाही.

मग सहली, मग परीक्षा,
मग मे.

सात. त्यातले दोघं पंख्याखाली बसायला,
एक पत्ता विचारायला.
त्यालाही तिकीट फाडलं;
साहेब म्हणतात, आकडा जरा बरा दिसू दे.

आणि बोद्धूलमामा.
चव्वेचाळीस डिग्रीत, डोक्यावर ओला टॉवेल,
रोज साडेतीनला तिसऱ्या मागापाशी.
‘हात लावू नये’ पाटीखालून
फणीवर हात फिरवतात,
तेलुगूत काही विचारतात तिला.
माग त्यांचाच होता.
आपलंच बघायला यायचं, त्याचे वीस रुपये कसे मागू?

म्हणून वहीत नाहीत ते.
साहेब, मे महिन्याची सरासरी
सात नाही, आठ आहे.