बारा टक्के

किसुमूच्या धक्क्यावर आमच्या चार पेट्या,
निळ्या, उन्हावर चालणाऱ्या,
आत तिलापिया, ओमेना आणि वितळत आलेला बर्फ.
पेट्यांची एक कंपनी. तिचे टक्के असे:
माझे चाळीस, वडिलांची होडी विकून घेतलेले.
सव्वीस ओमोलोचे, यंत्राला त्याचाच हात कळतो म्हणून.
बावीस वासोंगाचे, जो नैरोबीला निघून गेला
आणि टक्के तेवढे इथेच ठेवून गेला,
खुंटीवर विसरलेल्या कोटासारखे.
उरलेले बारा मासळीवाल्या बायकांचे,
भिशीच्या पैशांतून. पावती मीच फाडली होती.

सुरुवातीला टक्के कोण मोजत होतं?
एका ताटातली उगाली तिघं खायचो
आणि शेवटचा घास एकमेकांकडे सरकवायचो.
भांडणाची नेमकी तारीख सांगता येणार नाही.
बहुधा त्या दिवशी, जेव्हा मी ओमोलोला
पहिल्यांदाच मेल लिहिला
आणि वर घातलं, "महोदय".

मग वकिलाचं पत्र आलं.
ओमोलो राहतो माझ्यापासून तीन घरं सोडून,
पत्र नैरोबीहून फिरून आलं.
सात महिन्यांचा थकलेला पगार द्या, अन्यथा.
अन्यथाच्या पुढे कुणी काही लिहिलं नव्हतं.
मीही उलट विचारलं,
जुना कॉम्प्रेसर कुठे गेला?
तेव्हा सरोवरावर जलपर्णी इतकी दाटली होती
की होड्या पाण्यात असून पाण्याला लागत नव्हत्या.

शनिवारी सभा. पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या,
एका खुर्चीवर फोन, फोनमध्ये वासोंगा:
"मोम्बासाची पार्टी तयार आहे. विकून मोकळे व्हा. हात वर करा."
त्याला आमचे हात दिसत नव्हते.
ओमोलोचा वर गेला. सव्वीस आणि बावीस, अठ्ठेचाळीस.
माझा मांडीवरच राहिला. चाळीस.
मग सगळ्यांनी सेलीन आकेलोकडे पाहिलं.

तिची बोटं सुरीच्या खुणांनी भरलेली.
"बारा टक्के म्हणजे पेट्या किती?"
मी हिशेब केला. अर्धीला थोडी कमी.
"त्या अर्धीत आत्ता मासा कुणाचा?"
"तुमचाच."
"मग आधी वही वाच. मोठ्यानं. मला आकडे कानानं कळतात."

वाचली. बर्फ. डिझेल. धक्क्याचं भाडं. पुन्हा बर्फ.
फेब्रुवारीपर्यंत माझा आवाज नीट होता.
मार्चच्या पानात घडी घातलेल्या तीन पावत्या निघाल्या:
तांब्याची नळी, गॅस, पंखा.
जुना कॉम्प्रेसर मोडीत घालून त्यानं दुसरा जगवला होता,
वर खिशातले पैसे घातले होते.
पावत्या त्यानं माझ्या हातात दिल्या होत्या.
मी चढवल्या नव्हत्या.
विसरले, असं म्हणता आलं असतं.
विसरले नव्हते. त्या आठवड्यात मी त्याच्याशी बोलत नव्हते.

कुणी काही बोललं नाही.
फोन तेवढा "हॅलो, हॅलो" करत राहिला.
सेलीननं तो उचलून पालथा ठेवला,
फळीवर मासा ठेवावा तसा.
"दोन पेट्या विका. याचा पगार द्या. दोन ठेवा.
आणि भांडायचं तर खुशाल भांडा,
पण झाकण लावून मग भांडा."
ती उठली. तिचा बाजार सुटायची वेळ झाली होती.

याला समेट म्हणत नाहीत.
सोमवारपासून ओमोलो कामावर येतो, माझ्याकडे बघत नाही.
वासोंगाचं नवं पत्र आलंय, त्यात अन्यथा दोनदा आहे.
मी वहीत तीन ओळी चढवल्या,
आजची तारीख घालून.
मार्चचीच घालावी, असं क्षणभर वाटलं होतं.

काल संध्याकाळी दुसऱ्या पेटीचं झाकण बसेना.
मी एका बाजूनं जोर दिला.
पलीकडून कुणीतरी दिला.
खटका लागला.
त्यानं विजारीला हात पुसले
आणि धक्क्यावरून निघून गेला,
तीन घरं सोडून.