खाच

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर आमची लॅब.
खाली जोंधळा दळतात, वर मी दात घासते,
संध्याकाळी दोन्हीचं पीठ केसांत सारखंच दिसतं.

माझ्याकडे माणसं येत नाहीत, जबडे येतात.
कागलहून, गडहिंग्लजहून, एस.टी.च्या पार्सलात,
मिठाईच्या खोक्यात कापूस घालून.
सोबत चिठ्ठी: नाव, वय, रंगाचा नंबर.
बाकीचं प्लास्टर सांगतं.
हा उजव्या गालात तंबाखू धरतो.
ह्या पोरानं सोड्याची बाटली दातानं उघडली.
ही रात्रभर दात खाते;
कुणावर, ते चिठ्ठीत नसतं.

वडील हुपरीत चांदीचे घुंगरू करायचे.
मेण, साचा, भट्टी, सगळं तेच.
पायातलं तोंडात आलं, इतकंच.

दस्तगीर म्हालदार, वय एकसष्ट.
वरचा, पुढचा, एक.
ब्रिज.

शिकायला येणाऱ्या पोरांना मी ब्रिज असा सांगते:
एक पडतो, तर शेजारचे दोघं, धडधाकट असून,
झिजून घेतात, टोप्या चढवतात
आणि मधल्याला धरून ठेवतात,
ज्याला मूळ नाही,
जो हिरडीला नुसता टेकून
असल्यासारखा असतो.
इथं दरवेळी एखादं पोरगं गप्प होतं.

तिन्ही दात देखणे झाले.
मानेशी पिवळट, धारेशी किंचित निळे,
एकावर मुद्दाम चहाची एक रेघ.
चार दिवसांत खोकं परत.
'पेशंट म्हणतो, सूर फुटतो.'

मी हसले. चावा बघितला.
निळ्या कागदाचे ठिपके जागच्या जागी.
पाठवला. आला.
'बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराई तोंडावर आहे.'
पुन्हा पाठवला, पुन्हा आला, आणि मग डॉक्टरांचा फोन:
ताई, दाताच्या कण्या केल्या मी त्यांच्यापुढं,
ते म्हणतात, दात चांगला आहे, पण माझा नाही.

त्या रात्री गिरणी थांबल्यावर
फळीवरून त्यांचा पहिला साचा काढला,
झिजवण्याआधीचा.
उरलेल्या पुढच्या दाताच्या धारेवरून
अंगठ्याचं नख फिरवलं.
अडकलं.

तांदळाच्या कणीएवढी खाच.
चाळीस वर्षं वाद्य तिथंच टेकलेलं,
दर वरातीत, दर हळदीला, दर उरुसात,
दातानं आपल्या अंगात त्याला जागा करून दिलेली.
ती डॉक्टरांनी झिजवली,
मी तिच्यावर सरळ, सुंदर धार बांधली,
आणि दोघं म्हणत होतो, दुरुस्ती चाललीय.

झिलई दिलेल्या, निर्दोष दातावर
मी हिऱ्याचं टोक धरलं.
हात थोडा थरथरला, खोटं कशाला सांगू.
वडील प्रत्येक घुंगरू कानाशी हलवून बघत,
न वाजणारा परत मुशीत टाकत, कितीही गोल असो.
लहानपणी मला ते नुकसान वाटायचं.

खोकं परत आलं नाही.
आमच्या धंद्यात दाद ती एवढीच.

वैशाखात गंगावेशीत वरात आडवी आली.
स्कूटी बंद करून थांबले.
लाल कोट, उसवलेली जर,
आणि एक पिकल्या मिशांचा माणूस, गाल फुगवून.
दात दिसायचा प्रश्नच नव्हता,
वाजवणाऱ्याचं तोंड मिटलेलं असतं.
सूर वर गेला, तिथं जरा रेंगाळला,
फुटला नाही.
की ताशात मला कळलं नाही?
तो म्हालदारच होता की दुसरा कुणी?
कोटावर बँडचं नाव होतं, माणसाचं नव्हतं.

मी जिभेनं माझेच पुढचे दोन दात चाचपले.
मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता.
स्टँडवर पार्सल पडून होतं,
गारगोटीचं. खालची दाढ. अर्जंट.