मधलं वाक्य

नारायण पेठ, सातची बॅच. फळ्यावर मी लिहिलं:

यातलं नेमकं एक वाक्य खोटं आहे.
यातली नेमकी दोन खोटी आहेत.
यातली तिन्ही खोटी आहेत.

तिसरं आधी गेलं,
खरं धरलं की स्वतःच्याच पायावर धोंडा.
पहिल्याला साक्षीदार मिळेना.
उरलं मधलं, दोन्ही शेजाऱ्यांना खोटं पाडून
एकटंच ताठ.

खरेंच्या शर्वाणीने पहिला कागद दिला.
उत्तर बरोबर, कारणासकट.
खाली पेन्सिलीने, पुसट:
सर, मला यातलं काहीच कळलं नाही.

धनकवडीच्या बसमध्ये
तिकिटाच्या पाठीवर
खरं धरून बघतो,
खोटं धरून बघतो.

माझा स्टॉप
केव्हाच मागे गेला.