आठ मिलिमीटर

मार्लीस ट्योनेस नोव्हेंबरात निवृत्त झाली
आणि मार्चमध्ये दोन सीटची हिरवी गाडी घेऊन
माझ्या दारात उभी राहिली. छप्पर उघडं, नाक लाल.
एकतीस वर्षं तिनं टपालाची पिवळी व्हॅन हाकली
आयफेलच्या या चढउतारांवर;
माझी विजेची बिलं, माझ्या घटस्फोटाचे कागद
तिच्याच हातून आले.

"गेरेऑन," म्हणाली, "सतरा इंची हवीत.
सोनेरी. पातळ टायरची."
खिशातून चौघडी घातलेला फोटो निघाला:
कुठल्याशा बंदरात अशीच एक गाडी,
जमिनीला पोट टेकून, दबा धरलेल्या मांजरासारखी.

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला.
कंपनीचं माप एकशे पंच्याण्णव, पन्नास, पंधरा.
पहिला आकडा रुंदी, दुसरा तिच्या किती टक्के उंची,
तिसरी आतली रिम.
तुझं होईल दोनशे पाच, चाळीस, सतरा.
रिम फुगते तसं रबर आटतं,
पण पुरेसं आटत नाही, मार्लीस.
चाक वीस मिलिमीटरनं थोराड होतं,
आणि काटा शंभर सांगतो तेव्हा
तू एकशे तीनवर असतेस.

"म्हणजे खोटं बोलतो?"
थोडंसं.
"आणि तपासणीवाला डीटमार?"
डीटमारला 'थोडंसं' हा शब्द येत नाही.

अंगापेक्षा बोंगा मोठा, हे मी बोललो नाही.
विशीत मी स्वतः अठरा इंची घातली होती,
अडेनाऊच्या वळणावर एका खड्ड्यानं
पुढची रिम बशीसारखी फोडली
आणि मी रात्रभर पावसात
दुसऱ्याच्या टेम्पोची वाट पाहिली.
ज्यानं त्यानं आपली रिम फोडावी.

गोदामात एक जुना संच होता. चार बोल्ट, शंभरचं वर्तुळ, बसला.
मडगार्डच्या आत मी पोरांच्या खेळण्यातली
निळी माती थापली,
डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या,
स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"जा," म्हटलं, "तुझ्याच जुन्या फेरीवर जा."

चाळीस मिनिटांनी परतली. छप्पर बंद.
मी चाक उतरवलं. माती कागदाइतकी उरलेली,
एका जागी तर टायरची नक्षीच उमटलेली.
ती मातीकडे बघतच नव्हती.

"चर्चच्या गल्लीत फरसबंदी आहे," ती म्हणाली,
"मला माहीतच नव्हतं.
माहीत होतं, म्हणजे, डोळ्यांना.
आज प्रत्येक घराचा नंबर पाठीत लागला.
सात नंबर, होल्टहाउसेन म्हातारा,
त्याला दर गुरुवारी कोलोनहून पाकीट यायचं, कधी उघडायचा नाही.
अकरा नंबर. तिथं आता कुणी नाही.
चौदाशी तर दात आपटले."

मी कॉफी ओतली. तिनं साखर विचारली, घातली नाही.

"त्यांना मी रोज भेटले, गेरेऑन,
पण मऊ टायरवरून."

मला वाटलं आता ती सतराच मागणार.
लोक अशा वेळी तेच मागतात.
ती पुठ्ठ्यावरचे माझे आकडे पुन्हा वाचत बसली,
ओठ हलवत, पत्ता पडताळावा तशी.

"एकदा पुरे," म्हणाली. "पंधरा घाल.
हलकी असतील ती. चुकीच्या आकड्यावर
मी कधी कुणाचं पत्र टाकलं नाही,
काट्यानंही माझ्याशी टाकू नये."

मग दारातून, किल्ली बोटाभोवती फिरवत:
"पण सोनेरी.
पंधरा सोनेरी मिळत नसतील तर तू रंगव."

मी रंगवली. तीन हात, गॅरेजच्या मागं,
वर्तमानपत्रांवर मांडून; एप्रिलभर माझी नखं सोनेरी.
नव्या चाकांवर माती पुन्हा थापली,
गोण्या पुन्हा भरल्या.
या वेळी आठ मिलिमीटर जाड उरली.
तिनं खात्री करायला अंगठा दाबला होता,
तो ठसा अजून खिडकीत आहे,
वाळून, कडेनं भेगाळलेला,
टॉर्क पान्याच्या शेजारी.