तेरावा महिना

वीस तारीख. संध्याकाळचे सात.
नार्व्याच्या धक्क्यावर मी, मांडीवर लॅपटॉप,
पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र,
रेमेदियूसच्या बेकरीचा जीएसटी
अजून अर्ध्या वाटेत.

घरात रेंज नाही. माडीवर होती,
शेजाऱ्यांनी पत्र्याची शेड घातली तशी तीही गेली.
नदीकाठी फोनला चार कांड्या मिळतात,
म्हणून फोनचं बोट लॅपटॉपच्या हातात द्यायला गेले
तर कंपनीचा निरोप:
हे या पॅकात बसत नाही.

दोन जीबी माझे. रोजचे. पैसे भरलेले.
पण ते फोननंच प्यायचे,
दुसऱ्या भांड्यात ओतायचे तर
एकोणऐंशी रुपये वेगळे.
म्हणजे कळशी विकत घेतली, पाण्याचे पैसे चुकते केले,
आणि राखणदार म्हणतो, ओंजळीनं प्या बाई,
तांब्या बुडवलात तर दंड.

मी फोन लावला.
हिंदीसाठी दोन, मराठीसाठी सहा,
कोंकणीसाठी आकडाच नाही.
सहा दाबलं तरी ती मुलगी हिंदीतच बोलली, गोड बोलली.
‘अनलिमिटेड’ तीनदा म्हणाली
आणि तिन्ही वेळा पाठोपाठ ‘लेकिन’ आलं.
जाहिरातीत त्या शब्दाच्या डोक्यावर
म्हणे एक बारीकशी चांदणी असते.
मी दुसऱ्यांचे आकडे तपासून पोट भरते,
मला ती दिसली नव्हती.

हिशेबच सांगते मग.
कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा.
चंद्रसुद्धा साडेएकोणतीस घेतो.
वर्षाला तेरा रिचार्ज.
आपल्याकडे तेरावा तीनेक वर्षांनी एकदा येतो,
अधिक म्हणून, मानानं.
गेल्या अधिकात जावयाला तेहतीस अनारसे दिले,
त्यातले चार तुपात हसले, ते पुन्हा केले.
हा जावई दर वर्षी येतो.
वाण घेतो, मोजून घेतो,
आणि उंबऱ्यावरून मागे वळून विचारतो,
उरलेले शेजारी वाटले नाहीत ना?

दुष्काळात तेरावा महिना,
ही म्हण ज्यानं केली
त्याच्याकडे नक्की प्रीपेड असणार.

फेरी लागली. इनासनं फळी खाली सोडली,
माझ्या मांडीकडे बघितलं.
‘न्हंयचे मदीं बरी रेंज मेळटा, यो गो.’
चालत येणाऱ्याला फेरीत तिकीट नाही.
माझ्यापुढे एक बाई, डोक्यावर तिसऱ्यांची पाटी,
मागे एक पोरगा, सायकलच्या कॅरियरला
कुणाची तरी गॅसची शेगडी बांधलेली.
इनासनं बाईला विचारलं नाही
की तू फुकट, पण तिसऱ्यांचं काय?
पोराला विचारलं नाही
ही शेगडी तुझी की आणखी कुणाची.
पलीकडे जायचं आहे ना, चढा.

मांडवीच्या मध्यावर माझ्या फोननं
पुन्हा तोच निरोप दाखवला.
इनासनं खिशातून त्याचा काढला,
काच तडकलेला, रबरबँड लावलेला.
‘हाका अजून कोणें कुलूप घालूंक ना.’
पासवर्ड एक ते आठ.
दिवाडीला पोचेपर्यंत एकसष्ट टक्के.
मी उतरलेच नाही. परत नार्वे.
बाया, बकऱ्या, एक नवरामुलगा, त्याचा फेटा वाऱ्यात.
पुन्हा दिवाडी.
तिसऱ्या खेपेला, नदीच्या ऐन मधोमध,
रेमेदियूसची पावती आली.

चक्र थांबलं तेव्हा मला ऐकू आलं
की इंजिन किती मोठ्यानं घरघरतं.

आता हे कुठल्या खात्यात टाकू?
येणं नव्हे, देणं नव्हे, उधारीही नव्हे.
त्या पोर्टलवर इतके रकाने आहेत.

इतक्यात इनासच्या फोनवर टिंग झालं:
आजचा नव्वद टक्के डेटा संपला.
त्यानं वाचलं, रबरबँड नीट केला,
‘आज फुटबॉल ना तर,’ म्हणाला,
आणि फळी सोडायला पुढे गेला.