माया

बुधवारी दुपारी साडेतीनला यादीतून नाव गेलं.
टॅम्सिन हॅलम : माघार. कारण वैद्यकीय
एवढंच. पूर्णविरामसुद्धा दिला नव्हता कुणी.

मी तेव्हा हॉक्लीतल्या दुकानात
तिच्याच बाहीवर खडे चिकटवत होते,
चिमट्यानं, एकेक,
दोन हजार एकशे चाळिसावा की एकेचाळिसावा,
मोजणी तिथं चुकली ती चुकलीच.

शनिवारी तरी गेले. तिकीट होतं,
आणि नॉटिंगहॅममधल्या बावीस वर्षांत
ही एकच चैन मी नियमानं केलेली.
पाय गारठतात म्हणून दोन-दोन मोजे,
डब्यात शेंगदाण्याची चटणी लावलेलं सँडविच.

शेजारी ग्रिम्सबीचे मिस्टर ऑल्डरसन,
मासळीच्या गोदामात उभं आयुष्य गेलेलं.
मार्चमध्ये दोन तिकिटं काढली होती,
जूनमध्ये बायको गेली.
दुसऱ्या खुर्चीवर त्यांनी कोट बसवला होता.

ते चिडले नव्हते. चिडल्या होत्या मागच्या दोघी :
"आपण आहोत म्हणून ती आहे.
हॉटेल, गाडीभाडं, बुडालेली रजा, कोण भरून देणार?
शाम्पूच्या जाहिरातीत बरी हसते.
देणं लागते ती आपलं."

मी सँडविचच्या कागदाची घडी घालत राहिले.
घडीची घडी. तिची परत घडी.

ऑगस्टमध्ये कंबर चोवीस.
सप्टेंबरअखेर साडेबावीस.
दहा दिवसांपूर्वी एकवीसवरही टेप सैल पडली
तेव्हा मी टेपकडं पाहिलं, तिनं भिंतीकडं.
"कुणाला सांगू नका," म्हणाली,
आणि स्टुलावरून उतरताना माझा खांदा धरला.
वजन आलंच नाही खांद्यावर.
टेप खोटं बोलत नाही. शिंपीण बोलते :
वहीत मी साडेबावीसच ठेवलं.

तर काय देणं लागते ती?
उडी नाही. घोटा नाही.
रक्तातलं लोह तर नाहीच नाही.
तिकिटामागं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलंय
की खेळाडू बदलू शकतात,
पण मुंगीच्या अक्षरांनी कुणाचं पोट भरलंय?
आमच्या घरी एकच कायदा होता :
जेवायला येणार नसलास तर नको येऊस,
तांदूळ धुवायच्या आधी सांग.

तिला दहा दिवस आधी माहीत होतं.
(मलाही.)
आणि बुधवारपर्यंत ग्रिम्सबीत, अॅबर्डीनमध्ये, कुठं कुठं
तांदूळ धुतले जात होते.

तिच्या जागी डर्बीची एक मुलगी आली, सतरा वर्षांची,
ऐन वेळी बोलावलेली.
ड्रेस उसना, ते लांबूनच कळतं मला, खांद्यावर झोळ.
दोनदा पडली. दुसऱ्यांदा उठताना
तळव्यांचा बर्फ तिनं त्या उसन्या ड्रेसलाच पुसला
आणि निघाली पुढं.
मिस्टर ऑल्डरसन उभे राहिले टाळ्या वाजवत,
त्यांचा कोट खुर्चीवरून घसरला.
तो उचलून, झटकून,
परत नीट बसवला त्यांनी,
तोंड बर्फाकडं करून.

ट्रॅममधून घरी न जाता दुकानाशी उतरले.
ड्रेस हँगरवर, कच्च्या कैरीच्या रंगाचा.
बिल तिनं कधीच चुकतं केलंय, वर दहा पौंड जास्तच.
माझं तिच्याकडं काही निघत नाही.

उलटा करून दिव्याखाली धरला.
कापलेला साडेबावीसचा, शिवलेला एकवीसचा,
आत दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड, दुमडून, टाचून.
इचलकरंजीत मास्तर सांगायचे,
ही कापायची नाही कधी, बाहेरून दिसत नाही,
अंग भरलं की उसवून सोडता येते.
आपण तिला माया म्हणतो.
इंग्रजीत जो शब्द आहे
त्याचा अर्थ नुसती सूट.

मग बाही सरळ केली
आणि खडे पहिल्यापासून मोजायला घेतले.