डाव्या हाताची तर्जनी

ओट्यावर नको म्हणाले हे,
म्हणून गॅलरीत, कांद्याच्या भावांच्या पानावर,
देवघराकडे पाठ करून
हातमोजे मांडलेत. पालथे.
कागदाखालून कुणीतरी वर यायला बघतंय
असे दिसतात.

आधी कोरडं फडकं.
पिंपळगावच्या पॅकहाउसची धूळ निघते,
गंधकाचा वास असलेली, शिवणींत घट्ट बसलेली.
तिथे जुना टूथब्रश, हलक्या हाताने.
मग फडकं ओलं, तेही इतकं पिळून
की ओलं होतं एवढंच त्याला आठवावं.

रविवार कारंज्यावर उखाजी म्हणाला होता,
माझ्या चपलेचा अंगठा शिवता शिवता,
मान वर न करता:
"पाण्यात बुडवाल तर पापड होईल बाई.
उन्हात टाकाल तरी पापडच.
अन् खोबरेल लावू नका,
थंडीत थिजतं, मग उंदीर येतो."
डबीच्या झाकणात
पेराएवढं मलम काढून दिलं त्याने.
पैसे विचारले तर टाच ठोकत राहिला.

अंगठ्यावर तर्रीचा डाग आहे,
आडगाव नाक्यावरचा,
मोजे न काढता पाव उचलला त्या सकाळचा.
त्यावर काल रात्री कॉर्नफ्लॉवर दाबून ठेवलं.
आज झटकलं. बराचसा गेला.
उरला तो माझा.

दोन हिवाळे झाले यांना.
देवळाली कॅम्पात, पंजवानीच्या दुकानात,
छत्र्यांच्या आणि बुटांच्या ढिगाखाली होते.
साडेतीनशे. "साहेबाचे आहेत," म्हणाला.
कुठल्या साहेबाचे?
"कॅम्पात साहेब काय कमी आहेत?"
मला मापाला बसले,
म्हणजे साहेबाचा हात लहान होता
किंवा साहेब बाई होती.

पहाटे पावणेपाचला सातपूरहून निघते मी.
द्वारकेपर्यंत बोटं माझी असतात,
ओझरच्या पुढे कुणाची ते कळत नाही.
बागांमधून शेकोट्या पेटलेल्या,
द्राक्षांना ऊब म्हणून. मी धुरातून जाते
आणि द्राक्षांचा हेवा करते.

आता मलम. एकेक बोट.
चामडं पितं, काळपट होतं,
आणि सुरकुत्या वर येतात: पेरापेराशी,
एकीवर एक, खोल जुन्या आणि त्यांच्यात घुसलेल्या नव्या.
कुठली साहेबाची, कुठली माझी,
आता कोण वेगळं करणार.

फक्त डाव्या तर्जनीवर
मलम तसंच राहिलं, चकाकत.
उजेडात धरलं.
एकच रेघ, बारीक,
ब्रेक दाबते तिथे.
बाकी बोट कोरं.

मग आठवलं,
पहिल्या दिवशी याच बोटातून
कापसाचा बोळा निघाला होता,
कडक, बोटाच्याच आकाराचा.
नव्या पर्समध्ये कागद असतो तसा असेल, असं समजून
दुकानाबाहेरच्या गटारात टाकला होता मी.
पंजवानी बघत होता. काही बोलला नाही.

किती वर्षं तो बोळा
नीट बसवला असेल कुणीतरी रोज सकाळी,
सलाम करताना, चहाचा कप घेताना
मोजा रिकामा पडू नये म्हणून.
कशाने गेलं असेल बोट?
तोफेने, यंत्राने, की दारात चेमटून लहानपणीच,
आणि मी उगाच तोफेपर्यंत गेले.

मोज्यांत कागद भरून सावलीत ठेवायचे आता,
आकार राहावा म्हणून. उजव्या हातात भरला.
डाव्यात चार बोटं भरली.
डाळिंबाचे दाणे सोलायला बसलेले हे
आतून विचारतात, "झालं का तुझं?"

एक बोट राहिलंय, म्हणते.